एका शर्टामागे मूठभर मीठ

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी तीन वर्षं काढली. लॅब म्हणजे बॉयलरच्या भिंतीला लागून असलेली खोली, कडाप्प्याचे दोन ओटे आणि त्यातल्या एकावर जार टेस्टचं यंत्र. काचेची सहा भांडी एका रांगेत, प्रत्येकात वरून सोडलेलं एक छोटं वल्हं आणि सहाही वल्ही एकदम फिरवणारी मोटर. रोज सकाळी आठला सांडपाण्याच्या टाकीतून एक बादली यायची. रात्रपाळीत काय रंगवलं ते रजिस्टर न उघडता बादलीत डोकावून सांगता यायचं. लग्नसराईच्या आधी लाल, शाळा उघडायच्या सुमाराला नेव्ही ब्लू, आणि एरवी सगळे रंग एकत्र होऊन जे होतं ते, काळपट जांभळं.

प्रत्येक भांड्यात एक लिटर पाणी घ्यायचं. त्यात हिराकस आणि चुना, पहिल्यात कमी, पुढच्या प्रत्येकात थोडा थोडा जास्त. एक मिनिट जोरात, वीस मिनिटं हळू, मग मोटर बंद. त्यानंतरची पाच मिनिटं मला आजही आठवतात. पाण्यात आधी बारीक कण दिसायचे, मग ते एकमेकांना चिकटून भिजल्या पोह्यांएवढे व्हायचे आणि डुलत डुलत तळाशी बसायचे. पहिल्या दोन भांड्यांत काही घडायचं नाही. चौथ्यात वरचं पाणी फिकट चहासारखं व्हायचं. पाचव्यात जवळजवळ स्वच्छ. प्लांटवर काम करणारे मामा दारातूनच विचारायचे, "आज कितवं आलं, साहेब?" मी "पाच" म्हटलं की ते जाऊन त्या मापाने चुना सोडायचे. सगळ्या प्लांटचा त्या दिवशीचा कारभार काचेच्या पाचव्या भांड्यावर चालायचा.

मग एक दिवस आमच्याकडे टीडीएस मीटर आला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी ती खिशात मावणारी पट्टी, आता आरओवाले घरोघरी घेऊन फिरतात तीच. मी गंमत म्हणून बादलीतल्या काळ्या पाण्यात बुडवली. आकडा सहा हजारांच्या पुढे गेला. मग पाचव्या भांड्यातल्या नितळ पाण्यात बुडवली. आकडा उतरला नाही. उलट चुन्यामुळे चार काटे वरच गेला. मी डाईंग मास्तरांना दाखवलं. त्यांनी मीटर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बिघडलाय. बदलून घ्या."

मीटर बरोबर होता.

रंगाच्या पाण्याबद्दल आपण बोलतो ते सगळं डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली, फोटो देशभर गेले, आणि कासाडी नदीकडे एरवी न पाहणाऱ्यांनीही पाहिलं. २०२०च्या सुरुवातीला डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री पाहायला आले. रंग स्वतःच ओरडून तक्रार करतो. मीठ गप्प असतं. म्हणून या लेखात रंगाइतकंच, किंबहुना जास्त, मिठाबद्दल लिहायचं आहे.

कापड रंगवायला मीठ कशाला, असा प्रश्न घरच्यांनाही पडायचा. सुती धागा पाण्यात भिजला की त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार येतो. सुतासाठी वापरतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंगही पाण्यात ऋणभारित असतात. दोघे एकमेकांना ढकलतात. मधे भरपूर मीठ घातलं की हे ढकलणं दबतं आणि रंग पाणी सोडून सुताकडे सरकतो. मग सोडा अ‍ॅश घालून पाणी अल्कधर्मी करायचं, साठ अंशांच्या आसपास तापवायचं, की रंगाचा रेणू सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध बांधतो. नुसता चिकटत नाही, त्याचाच भाग होतो. मिठाचं काम इथे संपतं. ते सुतावर राहत नाही, रंगात राहत नाही. घातलं तेवढं सगळं धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर.

किती घालतात? होजियरीच्या अडीचशे किलो कापडाची एक खेप धरा. सॉफ्ट फ्लो यंत्रात किलोला आठ लिटर म्हणजे दोन हजार लिटर पाणी. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम मीठ साधारण लागतंच. एकशे वीस किलो झालं. पन्नास किलोच्या जवळजवळ अडीच गोणी, एका खेपेला. जिगर यंत्रावर पाणी कमी लागतं म्हणून मीठही कमी, फिकट रंगाला आणखी कमी. पण दोनशे ग्रॅमचा एक गडद टी-शर्ट घेतला तर त्यामागे शंभर ग्रॅमच्या आगेमागे मीठ कुठल्यातरी ओढ्यात गेलेलं असतं. ओंजळ नाही, मूठ. पण शर्ट किती?

रंगाचंही गणित त्याच खेपेत करून टाकू. चार टक्के शेड म्हणजे दहा किलो रंग. त्यातला समजा पाऊण भाग कापडाला लागला. उरलेला अडीच किलो रंग पाण्यात. लिटरला एक मिलिग्रॅम रंगसुद्धा डोळ्याला दिसू शकतो. तेव्हा हा अडीच किलो पंचवीस लाख लिटर पाणी रंगीत दाखवायला पुरतो. आणि हा उरलेला रंग पुढच्या खेपेला वापरताही येत नाही. सुताशी बंध बांधायची त्याची जी जागा, तिथे दरम्यान पाणीच येऊन बसलेलं असतं. पाण्याशी लग्न लागलेला रंग सुताकडे परत येत नाही.

या रंगांचा जन्म तसा अलीकडचा. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराला १८५६ साली मलेरियावरचं औषध शोधताना चुकून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, आयसीआय या ब्रिटिश कंपनीने सुतासाठीचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. त्याआधी सुती कापडाचा चकचकीत रंग बहुधा धुण्यात उतरायचा. आमच्याकडच्या जुन्या कापडदुकानांत "रंग गेल्यास पैसे परत" अशी पाटी असायची. ती पाटी लावायची हिंमत दुकानदाराला या रेणूने दिली. साबण, ऊन, घाम यांना सहजी दाद न देणारा रंग. पण साबणाला आणि उन्हाला जो दाद देत नाही तो नदीतल्या जिवाणूंना कशी देईल? पक्का रंग ही तक्रार कुणाचीच नव्हती, नदी सोडून.

आता इचलकरंजीकडे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळावर. आज शहरात आणि आसपास लाखाच्या वर माग आहेत. बाहेरच्या माणसाला वाटतं की या मागांनी नदी नासवली. माग कोरडा असतो. तो कानाला त्रास देतो, छातीत कापसाची धूळ घालतो, पण पाण्याला हात लावत नाही. पाणी लागतं ते मागाच्या आधी आणि नंतर. आधी सायझिंग: ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. नंतर प्रोसेस: ती खळ काढायची, कापड उकळायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं, छापायचं. रंगाच्या मानाने खळ बिचारी फिकट दिसते, पण ओल्या प्रक्रियेतल्या सांडपाण्याची जिवाणूंना खाता येईल अशी जी घाण, तिचा निम्म्याच्या आसपास भार एकट्या खळ काढण्याचा असतो. पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारण्यात तिचा हात रंगापेक्षा मोठा. शहरातल्या काळ्या ओढ्याचं नाव काळा ओढा पडलं ते काही एकट्या रंगामुळे नाही.

हा ओढा पंचगंगेत जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांचं पाणी घेऊन आलेली पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मधल्या शिरोळ तालुक्यात उन्हाळ्यात बंधाऱ्यांवर मेलेल्या माशांचा खच पडतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात, पंचनामे होतात, आणि मग ठरलेलं नाटक सुरू होतं. प्रोसेसवाले शहराच्या मैलापाण्याकडे बोट दाखवतात, पालिका प्रोसेसवाल्यांकडे, दोघे मिळून साखर कारखान्यांकडे. दुर्दैव असं की तिघंही खरं बोलत असतात. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली, माणसं दगावली. ती मैलापाण्याची साथ होती, हेपॅटायटिस ई या विषाणूची. पण त्या दिवसांत चहाच्या गाड्यावर कुणालाही विचारलं तरी तो रंगाच्या पाण्याचंच नाव घेत होता. दिसतं त्यावर आळ येतो.

आणि गावात याबद्दल मोठ्याने बोलणारी माणसं कमीच. मी बोलत नव्हतो. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मागावर, सायझिंगमध्ये, प्रोसेसमध्ये किंवा टेम्पोवर. मागाचं मीठ खाल्लेलं गाव आहे. आमच्या प्लांटला एक झडप होती, टाकीला वळसा घालून थेट गटारात जाणारी. पावसाळ्यात, रात्री जोराची सर आली की ती कोण उघडायचं हे मी कधी विचारलं नाही. सकाळी बादलीतलं पाणी नेहमीपेक्षा फिकट असायचं, टाकी अर्धी असायची, आणि मी नेहमीसारखी सहा भांडी मांडायचो.

शुद्धीकरणाचं बोलायचं तर पहिल्यांदा सगळ्या पाळ्यांचं पाणी एका मोठ्या टाकीत एकजीव करतात, कारण सकाळचं पाणी ब्लीचिंगचं आणि दुपारचं रंगाचं असलं की पुढचं काहीच जमत नाही. मग आम्ही करायचो ते: चुना, हिराकस, तुरटी किंवा पॅक (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड), आणि गाळ बसवणं. पॉलिएस्टरचे रंग पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, म्हणून ते या पायरीला सहज खाली बसतात. सुताचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग चक्क विरघळलेले असतात. ते हट्टी. चुना-हिराकस वाढवत नेला की तेही बरेचसे बसतात, पण तेवढाच गाळ वाढतो. हा गाळ कायद्याने घातक कचरा. वाळवून, गोण्यांत भरून तो रांजणगाव-तळोज्यासारख्या ठिकाणी पुरायला पाठवायचा असतो. म्हणजे रंग कुठे गेला? गोणीत गेला.

त्यापुढे जिवाणूंची टाकी. तपकिरी, फेसाळ, ओल्या मातीच्या वासाची. वास आंबट झाला की मामांना मीटर न लावता कळायचं की जिवाणू आजारी आहेत. हे जीव खळ आवडीने खातात. रंग खात नाहीत. बाजारातले बहुतेक रंग अझो जातीचे, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीने बांधलेले. ही जोडी तुटली की रंग दिसेनासा होतो. ती हवा नसलेल्या टाकीत तुटते, हवा असलेल्या टाकीत सहसा तुटत नाही. मात्र तुटल्यावर जे तुकडे उरतात ते अरोमॅटिक अमाइन, त्यातले काही मूळ रंगापेक्षा वाईट. कर्करोग करू शकणारे अमाइन सोडतात म्हणून भारताने १९९७ साली सत्तर अझो रंगांवर बंदी घातली. जर्मनीने ती आधीच घातली होती आणि निर्यातदारांच्या पोटात गोळा आला होता. बंदीबाहेरच्या रंगांचे तुकडेही पाण्यात राहू देण्यासारखे नसतात. त्यांना संपवायला लगेच पुढे हवेची टाकी लागते. बिनहवेची टाकी बांधली आणि पुढे हवा देण्यात विजेची बचत केली, तर पाणी पांढरं दिसेल आणि आतून अधिक विषारी असेल. दिसण्यावर जायचं नाही, ते इथे दुसऱ्यांदा.

ओझोन सोडला तर रंग मिनिटांत जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह यांच्या मिश्रणाने, म्हणजे फेंटन पद्धतीने, भलेभले रेणू फुटतात. सक्रिय कोळसा रंग शोषून घेतो, भरला की बदलावा लागतो. या सगळ्यांवर देशभरच्या विद्यापीठांत पीएचड्या झाल्या आहेत, केळीच्या साली, उसाची चिपाडं, शेवग्याच्या बिया वापरूनही झाल्या आहेत. त्यातलं बरंच काम चांगलं आहे. मात्र यातला एकही उपाय मिठाच्या एका कणाला हात लावत नाही. मीठ कुजत नाही, जळत नाही, बसत नाही, कुणी खात नाही. केंद्र सरकारच्या २०१६च्या मानकांत कापड उद्योगाच्या पाण्यासाठी सेंद्रिय घाण मोजणारे सीओडी २५० आणि बीओडी ३०, रंग १५० एककं आणि टीडीएस लिटरला २१०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. पहिल्या तिघांसाठी टाक्या आहेत. चौथ्यासाठी टाकी नाही. त्यात चांगलं पाणी ओतून पातळ करणं हा एक मार्ग असतो, आणि तो शुद्धीकरणात मोडत नाही.

शेतात या मिठाचं काय होतं ते शिरोळच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्याच्याकडे त्याला शब्द आहे: चोपण. मातीतल्या चिकणकणांना कॅल्शियम धरून ठेवतं. सोडियम येऊन त्याची जागा घेतो, कण सुटे होतात, फुगतात, माती भिजली की चिखल आणि वाळली की फरशी. पाणी मुरत नाही. या भागातल्या क्षारपड जमिनींचा मोठा दोष उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याकडे जातो, तो रंगवाल्यांच्या माथी मारू नये. पण आधीच दुखणाऱ्या जागी मीठ, अशी ही गोष्ट आहे.

ही गोष्ट शेवटापर्यंत कुठे गेली हे पाहायचं तर तमिळनाडूत जावं लागतं. नोय्यल नदी कोइमतूरजवळ वेळ्ळियंगिरीच्या डोंगरात, म्हणजे आपल्याच सह्याद्रीत, उगवते आणि करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. वाटेत तिरुप्पूर लागतं, बनियन आणि टी-शर्टांचं शहर. त्याच्या खाली १९९२ साली ओरत्तुपाळयम इथे धरण पूर्ण झालं, सुमारे वीस हजार एकरांना पाणी देण्यासाठी. काही वर्षांतच ते रंगाच्या पाण्याचा साठा होऊन बसलं. ज्यांच्यासाठी धरण बांधलं त्याच शेतकऱ्यांना हे पाणी शेतात घेता येईना. ते कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६मध्ये सांगितलं की, रंगशाळांनी एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, तोवर लिटरमागे दंड भरायचा. ऑक्टोबर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. तरी पाणी वाहतच राहिलं. २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सातशेच्या वर रंगशाळा आणि सामाईक शुद्धीकरण केंद्रं बंद करायचा हुकूम दिला. वीज तोडली. शहर ठप्प झालं, कामगार गावी परतले, कापड रंगवायला ट्रक परराज्यांत धावू लागले. तेव्हा कुठे सरकारने दोनशे कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि 'शून्य विसर्ग' कागदावरून टाक्यांत उतरायला लागला.

मी तिथलं एक केंद्र पाहिलं आहे. सुरुवात आमच्यासारखीच, जिवाणूंची टाकी वगैरे. पण तिथे काम संपत नाही, सुरू होतं. पाणी आरओच्या नळ्यांतून दाबाने जातं, बहुतेक पाणी गोडं होऊन पुन्हा रंगशाळेत परत. उरतं ते घट्ट, तपकिरी मिठवणी. ती गाळण्यांच्या थोड्या सैल पडद्यांतून काढून रंग वेगळा केला तर मीठवालं पाणी थेट पुढच्या खेपेत वापरता येतं. अट एवढीच की सगळ्या रंगशाळांनी एकाच जातीचं मीठ वापरायचं. उरलेलं बाष्पित्रात. वाफेची वाफ, तिच्यावर पुढची, असे टप्पे. साध्या मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरलं असेल तर ती मिठवणी गार करतात. बत्तीस अंशांखाली त्याची विद्राव्यता झपाट्याने घसरते आणि ग्लॉबरचे स्फटिक आपोआप पडायला लागतात. सेंट्रिफ्यूजच्या तोंडातून ते ओलसर, पांढरे, साखर कारखान्यातल्या साखरेसारखे पडत होते. मी एक चिमूट हातावर घेतली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला मास्तर "मीटर बिघडलाय" म्हणाले, ते हे.

शेडच्या दुसऱ्या टोकाला मात्र गोण्यांची थप्पी होती, छतापर्यंत. मिश्र मीठ. क्लोराइड, सल्फेट आणि सेंद्रिय घाण एकत्र झालेलं, रंगशाळेला नको, पुरायला जागा नाही, पावसात भिजू देता येत नाही. शिवाय बाष्पित्रांना इंधन लागतं, पंपांना वीज. नदीतलं मीठ काढण्यासाठी हवेत धूर सोडावा लागतो. तिरुप्पूरने प्रश्न सोडवला असं म्हणणाऱ्यांनी ही थप्पी पाहावी. नाही सोडवला म्हणणाऱ्यांनी मात्र इचलकरंजीत येऊन सांगावं की आपण तेवढं तरी केलं का.

मीठच घालायचं नाही, असाही रस्ता आहे, आणि तो नवा नाही. कोल्ड पॅड बॅच म्हणतात त्याला. कापड रंगाच्या थोड्याशा घट्ट द्रावणातून पिळून काढायचं, रूळावर गुंडाळायचं, प्लास्टिकमध्ये बांधायचं आणि रात्रभर खोलीच्या तापमानाला सावकाश फिरत ठेवायचं. मीठ शून्य, पाणी थोडं, वाफ नाही. मग सगळे हेच का करत नाहीत? कापड आधी फार एकसारखं तयार करावं लागतं, छोट्या छोट्या खेपांना परवडत नाही, आणि शेड चुकली तर सकाळपर्यंत कळत नाही. मास्तरांना जिगरवर दर अर्ध्या तासाला तुकडा कापून बघायची सवय. रात्रभर वाट पाहणं त्यांच्या स्वभावात नाही. व्यापाऱ्यालाही माल उद्या हवा असतो.

इचलकरंजीत पाण्याच्या बैठका होतात तेव्हा मी मागे बसून ऐकतो. नवं केंद्र किती क्षमतेचं, निधी कुणाचा, नदीचं पाणी काळं की तपकिरी, नमुना कुणी आणि कुठून घेतला, रात्री झडप कुणी उघडली. नमुन्यावर वाद घालता येतो. रात्रीची झडप सिद्ध करता येत नाही, हे मला इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे. पण मीठ कुठेही नाहीसं होत नाही. ते कापडात राहत नाही, गाळात फारसं बसत नाही. प्रोसेसच्या दारात जेवढं आलं तेवढं एकतर परत मिळवलेल्या गोणीत असतं, नाहीतर पंचगंगेत. आणि दारात आलेल्या प्रत्येक गोणीचं बिल असतं. महिन्याला किती टन घेतलं, किती टन परत काढलं, दोन आकडे. त्यांची वजाबाकी करायला ना प्रयोगशाळा लागते, ना पंचनामा.

पुढच्या बैठकीला नदीचं पाणी बाटलीत भरून नेऊ नका. मिठाची बिलं मागा.